निळकंठाची डबी

मावशी, उटनूरला तुमचं घर होतं तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. पण एनॅमल रंगाचा डबा उघडला, की त्या वासाबरोबर मी तुमच्या ओसरीवर येऊन बसते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याचा मार खाऊन मी वांकिडीहून भावाकडं परत आले होते. वहिनी बोलत नव्हती, मीही नाही. तुम्ही शेजारच्या, लाकडी डब्यांवर रानातली पाखरं रंगवून निर्मल गावच्या व्यापाऱ्याला देणाऱ्या. कुंपणावरून म्हणालात, "बसून काऊन राह्यली? ये, डब्यांले काळा हात मार."

कितीतरी दिवस मी नुसता काळाच रंग देत होते. मग एकदा न विचारता झाकणावर पोपट काढला. तुम्ही झाकण उजेडात धरलंत, निरखलंत, आणि पोपट फडक्यानं पुसून टाकलात. "हा क्यालेंडरातला हाय. आपला पाह्यला का कधी?" माझे डोळे भरून आले. दुसऱ्या सकाळी मला तळ्याकडं नेलंत. तारेवर निळकंठ बसला होता, मळकट, तपकिरी. मी म्हटलं, याच्यात काय रंगवायचं? तेवढ्यात तो उडाला आणि पंखांतला सगळा निळा उघडला. घरी येऊन मी किती तरी दिवसांनी पोटभर जेवले.

दसरा झाला आणि नवरा, सासरे मला न्यायला आले. भाऊ माझी पिशवी भरायला लागला. तुम्ही रंगाच्या हातांनीच येऊन दारात उभ्या राहिलात. "न्या ना. पण आंधी तिले इचारा."

सासरे म्हणाले, "तिले काय इचारायचं?"

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. "मी नाही जात," एवढंच निघालं, तेही हळू. ते गेले. भावानं अबोला धरला, तर तुम्ही माझं अंथरूण तुमच्याकडं आणलंत, आणि एक नवा बारीक कुंचला हातात ठेवलात. पहिला निळकंठ त्याच कुंचल्यानं एका डबीवर काढला. ती डबी तुम्ही व्यापाऱ्याला दिली नाहीत.

तुम्ही गेलात त्याला आता खूप वर्षं झाली. माझ्याकडं तीन मुली शिकतात, त्यांनाही मी आधी रानात नेते. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून सांगते: तारेवरून माशा टिपणारा तो वेडा राघू मला अजून जमत नाही. शेपटीतली ती बारीक काडी दरवेळी जाड होते. गिऱ्हाईकानं टोकलं तर म्हणते, आमच्या उटनूरकडं असाच असतो.