पोटवाल्याची अर्धी गोष्ट

बाबा,

आज कणीक मळताना तुम्ही पुन्हा मागे येऊन उभे राहिलात. वळून बघायची सोय नाही, बघितलं की तिथे नुसता फ्रिज असतो. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, नवं शतक लागूनही सहा-सात वर्षं उलटली, बर्मिंगहॅमचं हे घर मी दोनदा रंगवून घेतलं, तरी या ओट्यापाशी तुमची पाळी काही चुकत नाही. आई हॉस्पिटलात कामावर गेलेली असायची आणि पोळ्या तुम्ही करायचात. जाड, कडेला कच्च्या, आणि प्रत्येक पोळीबरोबर तीच एक गोष्ट.

कौन्सिलच्या वेल्डिंगच्या वर्गात जागा उरली नव्हती, म्हणून तुम्ही शेजारच्या खोलीत रोमच्या इतिहासाला नाव घातलंत, दोन रिटायर्ड बायका आणि एका पाद्र्याच्या सोबतीने. तिथून तुम्ही तो माणूस आमच्या घरी आणलात. अडीच हजार वर्षांपूर्वीचा रोमन उमराव. एक वर्ष राज्याचा कॉन्सल, म्हणजे सगळ्यात वरचा अधिकारी. शेजारच्या सॅबाइन लोकांना लढाईत हरवलं आणि शहरातून थाटात मिरवणूक निघाली त्याची. पण तुम्हाला त्या मिरवणुकीचं काही पडलेलं नव्हतं. तुम्ही त्याला नाव ठेवलं होतं पोटवाला.

कारण कर्जाला आणि लढायांना विटलेले रोमचे कष्टकरी शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, तेव्हा उमरावांनी त्यांची समजूत घालायला याला पाठवलं. याने त्यांना सांगितलं, की एकदा हातापायांनी पोटाविरुद्ध संप केला. पोट नुसतं बसून खातं, म्हणून घासच द्यायचा नाही. झालं काय, पोटाबरोबर हातपायही वाळले. तेव्हा चला खाली, आपण सगळे एकच शरीर आहोत.

पिठाचे हात वर धरून तुम्ही विचारायचात, "असलं शरीर आपल्याकडे कुठे आहे, सांग." मला उत्तर पाठ होतं. आपल्याकडच्या जुन्या पोथीतही एक शरीर आहे. कोण तोंडातून निघालं, कोण पायांतून, सगळं लिहून ठेवलेलं. आपल्याला तर पायातही जागा नव्हती.

"पण माणूस वाईट नव्हता हं," तुम्ही पोळी उलटत म्हणायचात. "मेला तेव्हा अंत्यविधीपुरतंही घरात नव्हतं. त्याच कष्टकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला नीट पोचवलं. चांगल्या माणसालाच पाठवतात गं. वाईटाचं कोण ऐकणार?"

अकराव्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात मी पोटवाला झाले. आईची पांढरी चादर खांद्यावरून गुंडाळून असं काही भाषण ठोकलं, की हेडमास्तरीणबाई उभ्या राहिल्या. तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात, कामावरचा कोट घालून. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि तुमचे हात कोटाच्या खिशात. बसच्या वरच्या मजल्यावर मी रडायच्या बेतात बसलेली, तेव्हा तुम्ही बोललात. "आवाज चांगला आहे तुझा. पण गोष्ट अर्धीच सांगितलीस. लोक त्या पोटाला भुलून नाही खाली आले. आपल्यातले दोन अधिकारी आम्हीच निवडणार, त्यांच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही, हे कबूल करून घेतलं आणि मग उतरले. ते गाळायचं नाही. कधीच नाही."

मला तुमचा भयंकर राग आला होता. बक्षीस मिळालं होतं मला, आणि तुम्ही चुका काढत होतात.

आता पुढचं. तुम्ही ज्या कारखान्यात पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवायचात, तिथेच मी पर्सोनेलची मॅनेजर झाले, वरच्या काचेच्या ऑफिसात. तुम्हाला अभिमान वाटला असता, असं सगळे म्हणाले. तुमच्या शेजारच्या प्रेसवरचे नागपूरचे काका अजून कामावर होते. डब्याच्या सुट्टीत तुमची रोमची गोष्ट ऐकणाऱ्यांतले तेच एक उरलेले. गेल्याच्या गेल्या वर्षी मशिनं दुसऱ्या देशात हलवणार अशी कुणकुण लागली आणि माणसं काम टाकून बाहेर पडली. रस्त्यापलीकडे गवताचा चढ आहे ना, तिथे जाऊन बसली. तीन दिवस. मागणी एकच होती, पुढचं ठरेल त्या मीटिंगमध्ये आमची दोन माणसं बसू द्या. मी खिडकीतून बघत होते. त्यांना रोम माहीतही नव्हतं, बाबा. फक्त काकांना होतं.

साहेबांनी मला बोलावलं. "दे ट्रस्ट यू. आधी त्यांना खाली आण, त्या दोघांचं नंतर बघू." ते नंतर कधी येणार नाही, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं. तरी गेले. चढावर उभी राहिले आणि हातापायांची, पोटाची गोष्ट सांगितली. तुमच्यासारखेच हात वर धरले, तुम्ही थांबायचात तिथेच थांबले. आवाजही तुमचाच लागला. आपण सगळे एकच शरीर आहोत, म्हणाले, आणि तिथेच संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका पुढेच उभे होते. त्यांच्या टाळ्या वाजल्या नाहीत. मान थोडी पुढे काढून ते वाट बघत होते, पुढचं ऐकायला. मग बाकीचे उठले, तसे तेही उठले.

आठ महिन्यांत गेटला कुलूप लागलं. त्या मीटिंगमध्ये दोन खुर्च्या कधी लागल्याच नाहीत.

तेव्हापासून चार माणसांपुढे बोलायला उभी राहिले, की दुसऱ्या रांगेत तो कोट दिसतो. विहारात बुद्ध पौर्णिमेला मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर घसा धरलाय म्हणून मागे जाऊन बसले. काका शेजारी आले. जय भीम झालं. मग हळूच म्हणाले, "पोरी, बाबांची स्टोरी लाँग होती ना? ते दोन ऑफिसर राहिलेच की त्या दिवशी. विसरली होतीस काय?"

मी म्हणाले, "हो काका. विसरले."

"जाऊ दे," ते म्हणाले. "मीच तिथे रिमाइंड करायला पाहिजे होतं. मला आठवत होतं ना सगळं. तुझे बाबा असते तर मलाच बोलले असते." आणि डोळे पुसून मला खीर आणायला गेले. तेव्हापासून भेटले, की दर वेळी हेच म्हणतात. चूक त्यांची झाली असं त्यांनी ठरवूनच टाकलंय, आणि मी ते ठरवू दिलंय.

मी विसरले नव्हते, बाबा. शब्दन् शब्द तोंडात होता. हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं. ते इथून दोन बसस्टॉपवर राहतात, पत्ता मला पाठ आहे, टाकलं तर उद्या पोचेल. म्हणून तुम्हाला लिहिलं.