मोटर भरायचा वर्ग कोणाला द्यायचा, त्याचा कागद

मी, वच्छला परसराम रामटेके, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, राहणार लाखांदूर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण लिहायला ते लागत नाहीत. कोणी धमकावलं नाही, धमकावणारा अजून लाखांदुरात उतरायचा आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही. नातू अतुल एखादा काढून दाखवेल, तर तो खोटा समजावा.

१. राहतं घर मुलगा जीवन याला. तो नागपुरात नोकरीला आहे. वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा विचारतो, "माय, एवढ्या ओलीत कशी राहतेस वं?" आता त्याने राहून पाहावं.

२. पोस्टातलं पुस्तक, सोन्याचे मणी आणि तांब्याचा हंडा मुलगी रत्नमाला हिला, जी करडीला दिली आहे. तिने कधी काही मागितलं नाही. तिच्या नवऱ्याने मागितलं तर देऊ नये.

३. घरामागची खोली. भांडण याच कलमाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे हे, म्हणजे परसराम, शेतकऱ्यांच्या जळलेल्या मोटरा भरून द्यायचे. जळलेली तार काढून नवी तार घालायची, त्याला मोटर भरणं म्हणतात. उन्हाळी धानाच्या वेळी विजेची लाईन कमी दाबाने येते आणि गावंच्या गावं मोटरा जाळून आणतात. त्यांची नजर गेली तेव्हा ते खाटेवरून सांगत आणि मी करत असे. लोक म्हणत, "बाई मोटर भरते?" मी म्हणायची, "मोटरले काय समजते, बाई हाय का बुवा."

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला, त्या वर्षी मी पहिली पोरगी शिकवली. पुढे करडीपासून दिघोरीपर्यंतच्या पोरी आल्या, थोडी पोरंही आली. नियम एकच होता. जुनी कॉइल कापायच्या आधी तारेचे वेढे मोजायचे आणि कोळशाने भिंतीवर लिहायचे. शेतकऱ्याचं नाव, वेढे, तारेचा नंबर. पुढच्या वेळी मोटर जळून गोळा झाली, मोजण्यासारखं काही उरलं नाही, तरी भिंत सांगते. अर्ध्या तालुक्याच्या मोटरा त्या भिंतीवर होत्या.

मग अतुल आला. जीवनचा मुलगा. त्याने संस्था काढली. तीन महिन्यांचं कौशल्य प्रशिक्षण, तीस पोरी, वर बॅनर, हजेरीला अंगठ्याची मशीन. खोली मी दिली, ही माझी चूक. मास्तर पुस्तक वाचून दाखवायचा. मोटर एकही उघडली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "आजी, पोरींचे कपडे खराब होतेत. फोटो चांगला येत नाही." मला म्हणे, रोज सकाळी तू पण अंगठा लावत जा, त्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मी लावत राहिले.

धान रोवण्याच्या दिवसांत मी दोन दिवस रत्नमालाकडे करडीला गेले. परत आले तर भिंत गुलाबी. ऑइलपेंट.

"काय केलंस रे हे?"

"लय घाण दिसत होती आजी. साहेब येऊन रायले ना पाहाले."

वीस वर्षं एका दुपारी पुसली आणि वर विचारतो, रंग कसा आहे.

महिनाभराने प्रमाणपत्रं आली. त्यात एक माझं होतं. वच्छला परसराम रामटेके, मोटर वाइंडिंग, उत्तीर्ण, श्रेणी ब. पोरी एकोणतीसच मिळाल्या होत्या, तिसावी मी. मी विचारलं, "अ काहून नाही दिली?" तर म्हणाला, "तुझी दोन दिवस हजेरी नव्हती ना आजी."

त्याच आठवड्यात मधुकररावांची, म्हणजे खाली साक्षीला आहेत त्यांची, मोटर आली. आत नुसता काळा गोळा. भिंतीकडे पाहिलं, भिंत गुलाबी. तेव्हा रुपाने पिशवीतून वही काढली. रुपा जागेश्वर नाकाडे, माझ्याकडे शिकते, दिघोरीहून एसटीने येते. हाताने संथ, प्रत्येक वेढा दोनदा मोजते. त्यावरून मी तिला वर्षभर बोलत होते. तिच्या लक्षात राहत नाही म्हणून तिने अख्खी भिंत वहीत उतरवली होती. मला सांगितलं नाही, मी ओरडेन म्हणून. ओरडलेच असते.

सबब ती खोली, वेढे घालायची मशीन, तार, वार्निश, बांबूच्या कामट्या आणि नवऱ्याचा हातोडा रुपाला. खोली माझ्या कमाईची आहे, वडिलोपार्जित नाही. सुनबाई म्हणेल, ती आपल्यातली नाही. मोटरा तरी कुठे आपल्यातल्या होत्या.

रुपाला अटी: भिंतीचा रंग खरवडून चुना मारावा आणि वहीतून सगळं परत लिहावं. एका वेळी सहाच जण घ्यावे, कारण एका मोटरीभोवती सहाच डोकी मावतात. पोरीने भरलेली मोटर एक हंगाम चालली तरच तिला शिकलेली म्हणावं. आणि जरा लवकर हात चालवावा.

४. अतुलला खोली स्वतःच्या नावावर हवी होती, नवी बॅच मंजूर करून घ्यायला. त्याला काहीच ठेवलं नाही असं कोणी म्हणू नये. माझं प्रमाणपत्र फ्रेमसकट त्याला. शिवाय वर्गातली सहावी जागा त्याची. जुने कपडे घालून यावं आणि एक मोटर भरावी. श्रेणी रुपा देईल. पोरगा मुळात मठ्ठ नाही, त्याला मोजायला कोणी बसवलंच नाही. मीही नाही.

५. मी गेल्यावर होणाऱ्या पुण्यानुमोदनाला बॅनर लावू नये.

साक्षीदार: मधुकरराव कापगते, शेतकरी, ज्यांची मोटर तीनदा जळली आणि तिन्ही वेळा स्टार्टर त्यांनीच बिघडवला होता. निर्मलाबाई मेश्राम, शेजारीण, निवृत्त अंगणवाडी सेविका. दोघांसमोर सही करत आहे. रुपाला साक्षीला घेतलं नाही, तिला अजून काही माहीत नाही.

ठिकाण लाखांदूर. दिनांक ११ डिसेंबर २०१८.

निर्मलाबाई म्हणतात, सहीशेजारी अंगठाही लावा, कागद पक्का होतो. लावणार नाही. अंगठा अतुलने तीन महिने वापरला आहे. ही सही आहे.

वच्छला परसराम रामटेके