इंजिनात राहिलेलं पाणी

वस्ताद, तुम्ही गेलात तेव्हा मी साताऱ्याला आलो नाही. निरोप वेळेवर मिळाला होता, दारात गाडीही उभी होती. मुद्दाम आलो नाही. माणूस गेला की लोक त्याला माफ करून मोकळे होतात; मी झालो नाही. सांगलीत माझं स्वतःचं गॅरेज आहे, केस पांढरे व्हायला लागलेत, आणि तरी इंजिनाचा चिरलेला ब्लॉक समोर आला की तोंडात पहिली शिवी येते ती तुमच्यासाठी. आज सकाळी असाच एक आला, म्हणून लिहायला बसलो.

स्वातंत्र्य मिळालं त्या सालची दिवाळी नुकतीच झाली होती. काश्मिरात लढाई पेटली होती आणि लोणंदच्या एका मालकानं आपल्या तीन लॉऱ्या जम्मूच्या पुढं माल वाहायला द्यायचं कंत्राट घेतलं होतं. गाड्या तयार करायला तुमच्याकडं, साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आल्या. मालकाला 'करतो की' म्हणालात तुम्ही, आणि काम टाकलंत माझ्या अंगावर. मला तेच हवं होतं. महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून बसवलेली कोळशाच्या गॅसची पिंपं मी उतरवली, गाड्या परत पेट्रोलवर आणल्या. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. रेडिएटरपुढं सोडायला गोणपाटाचे पडदे शिवून घेतले. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून त्यांना गुंडाळायच्या साखळ्या मलकापूरच्या लोहाराकडून करून आणल्या. तो लोहार मला विचारतो, "गाडी पळून जात्याय व्हय रं, बांधून घालायला?"

थंडी म्हणजे आपल्याला महाबळेश्वर माहीत. त्यापुढची थंडी आपल्यातल्या कुणी पाहिलेली नव्हती. पलूसचा एक जवान इटलीत लष्करी लॉरी हाकून आला होता, त्याला मी जाऊन गाठलं. तो म्हणाला, "मिस्त्री, रातीला पानी काढून टाकायचं. न्हाईतर सकाळी इंजान उभं फुटतंय." हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खाटेवर बसून विडी ओढत होता. "पान्यानं बिडाचं इंजान फुटतंय?" तुम्ही म्हणालात, "उद्या म्हनशील ताकानं जातं फुटतंय." सगळं गॅरेज हसलं.

मी वाद घातला नाही. सोडावॉटरवाल्याकडून आइस्क्रीमचं पॉट मागून आणलं, भुशातला बर्फ आणला, खडेमीठ आणलं. इंजिनासारखंच ओतीव बिडाचं नळाचं एक कोपर घेतलं, त्यात काठोकाठ पाणी भरलं, दोन्ही तोंडं बुचं पिळून बंद केली आणि सगळ्यांसमोर ते मीठबर्फात पुरलं. चहा झाला, दुसरा चहा झाला. मग पॉटच्या आतून 'टण्ण' असा आवाज आला. ते कोपर तुम्हीच बाहेर काढलंत. तुमचा काळा अंगठा त्या चिरेवरून फिरतोय, एकदा वर, एकदा खाली, हे मला अजून दिसतं. कोपर टाकून दिलंत आणि हात पुसत आत गेलात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. माझा राग तुमच्या अडाणीपणावर नाही वस्ताद, कळलेल्या गोष्टीवर आहे.

त्या दिवसापासून ड्रायव्हर तुम्हाला ओलांडून माझ्याकडं यायला लागले. मी त्यांना समजावत होतो, की रेडिएटरखालचा कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, सोडला की पाणी गेलं असं वाटतं, पण ब्लॉकमधलं पाणी आतच राहतं. त्याला इंजिनाच्या कुशीला दुसरा कॉक आहे. तो आपल्याकडं जन्मात कुणी उघडत नाही, म्हणून गाळानं बसलेला असतो. तिन्ही गाड्यांचे ते कॉक मी काढले, साफ केले, घासून पुन्हा बसवले, एक थेंब गळत नाही हे कोरडा कागद लावून पाहिलं. प्रत्येक ड्रायव्हरला टोचायला तार दिली. रात्री दोन्ही कॉक सोडायचे, रेडिएटरचं झाकण काढून स्टिअरिंगला बांधायचं, म्हणजे सकाळी झोपेत कुणी कोरडं इंजिन चालू करणार नाही. ते मान डोलवत होते आणि तुम्ही खाटेवरून बघत होता. तुमच्याकडं विचारायला कुणी येत नव्हतं.

गाड्या निघायच्या दिवशी तुम्ही पहाटेच माहुलीला जाऊन आलात. संगमावरून कळशी भरून आणलीत. हार, नारळ, हळदकुंकू सगळं झालं. मग मी भरलेलं पाणी तुम्ही तिन्ही रेडिएटरांतून थोडं थोडं सोडलंत आणि वर कळशीतलं ओतलंत. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण मग तुम्ही ड्रायव्हरांना जवळ बोलावलंत. "कृष्णामाई संगं हाय आता तुमच्या. तिला परमुलखात रस्त्यावर सांडू नगा. कमी झालं तर वरनं घाला, पर आतलं काढू नगा." मी पुढं झालो. म्हटलं, "वस्ताद, आवं काय सांगताय? ब्लॉक फुटंल." तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या छातीवर हात ठेवून मला मागं सारलंत. "लय शाना झालास रं. दोन दिस पॉट फिरवलंस, आता कृष्णामाईला गटारात सोडायला शिकवतोस?" सगळ्यात वडील ड्रायव्हर लोणंदकडचा होता, सरळ आणि देवभोळा. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "व्हय वस्ताद, न्हाई सांडत." धाकट्या दोघांनी मला मागून हळूच डोळा मारला. ते दोघं पाणी सोडणार हे मला तिथंच कळलं. आणि हा सोडणार नाही, हेही.

त्यानं सोडलं नाही. बनिहालच्या अलीकडं एका रात्रीत ब्लॉक चिरला. बर्फात अडकलेल्या गाडीत तो बसून राहिला आणि उजव्या पायाची बोटं गमावून बसला. गाडी तिथंच भंगारात गेली. मालक साताऱ्याला आला तो पायऱ्या चढायच्या आधीच ओरडत. तुम्ही शांतपणे माझ्याकडं बोट केलंत. "कुशीचा कॉक ह्यानं खोलला. ढिला ऱ्हायला आसंल. पानी गळलं, इंजान तापलं आन् चिरलं." मी मालकाला एकच विचारलं, चीर कुठं होती? तो म्हणाला, बाहेरून, पाण्याच्या कप्प्याच्या अंगाला. मी म्हटलं, तापून गेलेलं इंजिन आधी वर हेडपाशी चिरतं, आत पिस्टन अडकतात. बाहेरच्या अंगाला फुगून कप्पा फुटला तर तो बर्फच. मालकानं तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही फक्त खरं बोलायला हवं होतं. तुम्ही हसलात. "त्याला आइस्क्रीमचं येड लागलंय मालक, सोडा." सगळे हसले, मालकही हसला. त्याच संध्याकाळी मी माझे पाने गोळा केले. पुढं साताऱ्यात ज्या दारात गेलो तिथं 'कॉकवाला का?' असं ऐकलं. म्हणून सांगली.

आता हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी तो लोणंदचा ड्रायव्हर माझ्याकडं आला. काठी टेकत आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, पानी म्या सोडलंच न्हवतं. वस्तादांनी कॉकचं सांगितलं ते मला दवाखान्यातनं आल्यावर कळलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. माझ्यावरचं गेलं." मी त्याला म्हटलं, हेच साताऱ्यात चारचौघांत सांगाल का? "आत्ता चला की," तो म्हणाला, आणि उठलाच. आम्ही दोघं सांगलीच्या मोटारस्टँडवर गेलो. साताऱ्याची गाडी लागलेली होती. मला तोंडं पाठ होती एकेका गॅरेजवाल्याची, कुणाला आधी गाठायचं, कुणाला कुणासमोर.

शेजारी उभ्या कंडक्टरनं ओळख काढली. माझी नव्हे, मला तो गॅरेजमुळं ओळखतच होता; ड्रायव्हरची. "कुठं निघालासा दोघं?" आणि हा गडी मोठ्यानं सांगतो, "हे आमच्या वस्तादांचं चेलं. ह्यांच्यावर आळ आलाय, त्यो काढाय निघालोय." कंडक्टर माझ्याकडं वळून म्हणाला, "आं? तुमी तर कुनाकडंच शिकला न्हाई म्हनं!"

गाडी सुटली, आम्ही चढलो नाही. मी त्याला चहा पाजला आणि लोणंदच्या रेल्वेत बसवून दिलं. तो विचारत होता काय झालं, मी काम आठवल्याचं सांगितलं. साताऱ्यात तो ब्लॉक अजून माझ्याच नावावर आहे आणि तसाच राहील. कारण तुमचं नाव घेतल्याशिवाय तो डाग निघत नाही, आणि सांगलीत आल्या दिवसापासून मी सगळ्यांना एकच सांगत आलोय, की हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. इंजिनावर पाना टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं आणि कुठला सिलिंडर रडतोय ते ऐकायचं, हेसुद्धा माझं मीच शोधलं म्हणून सांगतो. ते तुम्ही शिकवलंत. एवढं लिहिलं ते पुरे, आणि हे कुठं धाडायचं नाही तेच बरं.