‘फेडू नये’वर शिक्का

तीर्थरूप आत्या,

काल आम्ही मत दिलं: सरकारने परदेशाचं कर्ज फेडावं की नाही. तिकडे परदेशात तुला मिळणारी पेन्शन आम्ही त्या कर्जावर भरतो त्या व्याजातूनच येते, हे मला ठाऊक होतं. तरी मी ‘फेडू नये’वर शिक्का मारला.

केंद्राबाहेर आईने माझा दंड धरला होता.

“वन्संच्या तोंडचा घास काढू नकोस. त्या कर्जाचे दिवे आपल्याही घरात लागले. खाल्लंय आपण.”

“मला कुणी विचारलं होतं? मी शाळेत होते तेव्हा.”

“मग फुकटची पुस्तकं कुठून आली?”

दंड सोडवून मी आत गेले. मी प्रसूतिगृहात सुईण आहे, आत्या. हप्ते भरायला सरकारने आमचा अर्धा विभाग बंद केला. गेल्या आठवड्यात पलंग नव्हता म्हणून जिन्यात बाळंत झालेली बाई माझ्या हातात गेली. तिचा नवरा विचारत होता, “आमचं काय चुकलं?” “आपण कर्ज खाल्लंय,” असं त्याला सांगायला माझी जीभ रेटेना.

संध्याकाळी तुझा फोन आला. “काय गं, मत कुठल्या बाजूने?” मी “आवाज येत नाही” म्हणून ठेवून दिला.

आज निकाल लागला. आम्ही जिंकलो. रस्त्यावर लोक नाचतायत, आई दार लावून बसलीय. सरकारचं देणं माझं नाही, हे मी अजूनही म्हणेन. तुझं ऋण मात्र माझ्यावर आहे. माझी खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय. इकडे राहायला ये.

पण हे पत्र टाकायला हात धजत नाही. तू ‘येते’ म्हणालीस, तर दार कुठल्या तोंडाने उघडू?

तुझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली,
भाची