उन्हात आवंढा गिळणारी गाडी

आप्पा, ह्या उन्हाळ्यात आपल्या गॅरेजात एक लाल गाडी आली. जमिनीला टेकलेली, दोनच सीटांची, आवाज असा की समोरच्या टपरीवरची माणसं चहा तसाच ठेवून बघायला आली. तुम्ही असता तर आधी हसला असता. "पोराबाळांना कुटं बसवायचं ह्यात? टपावर?" असं काहीतरी विचारलं असतं. आणणारे कोण, तर टॉवेल कारखान्याचे मालक, ज्यांची पांढरी गाडी तुम्ही वीसेक वर्षं सांभाळलीत. कारखाना मुलांच्या हाती देऊन सत्तरीत त्यांनी ही हौस पुरी केलीय. घरात तेलुगू बोलतात, म्हणून लेकीला म्हणावं तसं मला अजून अम्माच म्हणतात. त्या गाडीतून बाहेर यायलाच त्यांना चांगली दोन मिनिटं लागली, पण आल्यावर चेहरा कॉलेजातल्या पोराचा. "सकाळी वाघ आहे बघ अम्मा," ते म्हणाले. "दुपारी ऊन चढलं की बिघडते. पाय दाबला की एक आवंढा गिळते, मग पळते. परवा ट्रकला ओलांडताना गिळला की, देवाला हात जोडायचंच बाकी राहिलं होतं." दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. सोलापूरचं ऊनच तसं, असं सांगून दोघांनीही हात वर केले होते. मुलं म्हणत होती, विकून टाका.

मी हो म्हटलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी लोक मला आप्पांची पोरगी म्हणूनच ओळखतात. तुमची जुनी गिऱ्हाइकं त्यांच्या जुन्या गाड्या आणतात. नवीन गाडी घेतली की ती दुसरीकडं नेतात आणि मला फक्त पेढे आणून देतात. जुन्या गाड्या दरवर्षी कमी होतायत. अशात एका शोरूमनं नोकरीला बोलावलं होतं. एसीत बसायचं, गिऱ्हाइकाची तक्रार लिहून घ्यायची, हाताला ग्रीस लागणार नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की ही लाल गाडी जमली तर गॅरेज चालू, नाही जमली तर शटर ओढायचं. हे मी कोणाला बोलले नाही, आईलाही नाही.

पहिला उपाय केला तो तुमचाच. भर उन्हात बंद पडलेल्या गाडीच्या पेट्रोल पंपावर तुम्ही ओला टॉवेल टाकायचात आणि पाच मिनिटांत गाडी चालू व्हायची. मीही टॉवेल भिजवून बॉनेट उघडलं आणि हातात टॉवेल घेऊन उभीच राहिले. ह्या गाडीचा पंप मागं, टाकीच्या आत बुडालेला. टॉवेल टाकायचा कुठं? शेवटी त्या टॉवेलानं मी माझंच तोंड पुसलं. मग कॉम्प्युटर जोडला, तो म्हणाला सगळं ठीक आहे. प्लग बदलले, हवेचा सेन्सर बदलला. दोनदा गाडी दिली, दोनदा ती परत आली. दुसऱ्यांदा मालकांनी नुसती किल्ली टेबलावर ठेवली. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

ती किल्ली बघत बसले आणि मला करमाळ्याचे ते जीपवाले आठवले. मी आयटीआय करून नुकतीच गॅरेजात उभी राहायला लागलेय, अंगात लई शहाणपण. ते गृहस्थ अजून तक्रार सांगतायत आणि मी बॉनेट उघडून कार्ब्युरेटर अर्धा सोडवलाय सुद्धा. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात. "आदी हात मागं घे! त्यांचं बोलणं संपलं का? गाडी काय बोलनार हाय तुला? जो चालवतो त्यो बोलतो. च्या सांग, आन् गप ऐक." माझे कान तापले. घरी येऊन मी जेवायला नाही म्हटलं. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि थोड्या वेळानं आईचा आरडाओरडा ऐकू आला, कारण तिच्या भाताच्या पातेल्यात तुम्ही पाणी उकळून इंजिनाच्या पाण्याची झडप, थर्मोस्टॅट, सोडला होता. मला हाक मारून दाखवलात. "बघ, तापलं की ह्ये उघडतंय. तू तापलीस की बंद व्हतीस." मला हसू आलं आणि मी ताट वाढून घेतलं. आईनं त्या पातेल्यात परत कधी भात लावला नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी पाना बाजूला ठेवला, दोन चहा सांगितले आणि मालकांना म्हटलं, "पहिल्यापासून सांगा, एकेक दिवस सांगा." दीड तास ते बोलत होते. मंद्रूपला पाहुण्यांकडं गेले तेव्हा बिघडली. रविवारी त्याच रस्त्यानं, तसल्याच उन्हात, सरळ गेली. अक्कलकोटला जाताना बिघडली, येताना कमी. मी वहीत लिहीत होते. प्रत्येक वाईट दिवसाआधी काय केलं होतं असं विचारलं, तर उत्तर एकच, काही नाही, पेट्रोल भरलं.

"किती भरता?"

"फुल्ल. पंपावरच्या नळीचा खटका वाजला तरी थांबत नाही मी. गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत. तुझ्या वडिलांनीच सांगितलंय की, टाकीत हवेला जागा ठेवायची नाही, गंज धरतो."

खरंच सांगायचात तुम्ही. प्रत्येकाला सांगायचात, मी शंभरदा ऐकलंय. त्या पत्र्याच्या टाक्यांना ते लागूही होतं. पण आता टाकीतली वाफ बाहेर सोडत नाहीत, आप्पा. कोळसा भरलेल्या एका पेटीत ती साठते आणि इंजिन तापलं की ओढून जाळतं. टाकी गळ्यापर्यंत भरली आणि वर आपलं ऊन, की पेट्रोल फुगून थेट त्या पेटीत उतरतं. मग इंजिनाला वाफेऐवजी पेट्रोलचा घोट मिळतो आणि ते ठसकतं. मी पेटी काढून हलवली तर आत चक्क डुचमळत होतं. इंजिनाकडं जाणारी नळी बंद केली, मालकांना शेजारी बसवलं आणि दुपारी दोन वाजता विजापूर रोडला लागले. मंद्रूपपर्यंत दहा वेळा पाय दाबला असेल. गाडी एकदाही अडखळली नाही. मालक मांडीवर थापा मारत होते.

मंद्रूपला रसवंतीवर थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय होतं अम्मा?" पेट्रोल पंपावरच्या माणसावर दोष ढकलता आला असता. गॅरेजच्या पाटीवर अजून तुमचंच नाव आहे. पण मी सांगितलं की आप्पांचं त्या जुन्या गाड्यांसाठी बरोबर होतं, ह्या गाडीसाठी चुकीचं आहे. मालकांनी रसाचा ग्लास संपवून बाकावर ठेवला. मग म्हणाले, "बरं. मग आता कसं भरायचं? तू सांगशील तसं."

पहिला खटका वाजला की थांबायचं, एवढंच मी सांगितलं. नवीन पेटी बसवली, त्यानंतर सगळा मे महिना गेला आणि गाडी सरळ आहे. गेल्या आठवड्यात मालकांनी त्यांच्या एका मित्राची नवीन गाडी पाठवली. शोरूमला मी नाही म्हणून कळवलंय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुमच्यासमोर बोलायची माझी छाती नाही. मालकांनी तुमचं नाव घेतलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला, आप्पा. तुम्ही चुकला होतात, आणि ती चूक मला सापडली होती.