युद्धनौकेवरचा सहाय्यक

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटी गेलो. साडू कधीपासून डोकं खात होता की रविवारी दुपारी आम्ही दातांच्या दवाखान्यात एक खेळ खेळतो, तूही ये. मला वाटलं पत्ते. पत्ते नव्हते. टेबलाभोवती बसून आपण अवकाशातले सैनिक आहोत असं समजायचं आणि तोंडाने सांगायचं, मी दार उघडतो, मी गोळी झाडतो. गोळी लागली की नाही ते फासे ठरवणार. सगळी चाळिशी उलटलेली माणसं. किळस आली.

तरी बसलो. कारण एकच. साडू खेळातल्या अवकाशातल्या युद्धनौकेचा कॅप्टन आहे. घरातला बल्ब बदलायचा तर हा स्टूल धरून खाली उभा राहतो आणि वर चढते माझी मेहुणी. हा कॅप्टन! बघवलं नाही. मी जन्मजात नेता आहे, फक्त चष्म्याच्या दुकानात त्याला वाव मिळत नाही. फार तर तीन रविवार. नौका माझ्या ताब्यात येईल.

शिल्लक भूमिका एकच होती, सहाय्यक अँड्रॉइड. म्हणजे माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. कामं : जखमेवर पट्टी बांधणे, सामान उचलणे, लोकांची विचारपूस करणे. हुकूम द्यायचा नाही. माणसावर शस्त्र उगारायचं नाही. मी म्हटलं, म्हणजे ही आयाच झाली. खेळ चालवणारा दंतवैद्य म्हणाला, अगदी बरोबर ओळखलंत.

कागदावर नाव लिहिलं : कमांडर वज्र. दंतवैद्याने ‘कमांडर’ खोडलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात काउंटरखाली नियमांचं पुस्तक ठेवून वाचलं. एका आजोबांचा नंबर काढत होतो. हे स्पष्ट की ते, हे स्पष्ट की ते, असं विचारत पान उलटलं आणि त्यांचं उत्तर ऐकायचं राहिलं. अंदाजाने नंबर लिहून दिला. अनुभवी माणसाचा अंदाज चुकत नाही.

संकल्प : आवाज शांत ठेवणे. पापण्या कमी लववणे. साडूच्या चुका मनात नोंदवणे, योग्य वेळी तोंडावर फेकणे.

बायको लॅबमधून आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे ती, बारा वर्षं सुया टोचतेय. म्हणाली, साहेबांनी आज बोलावलं होतं, नवीन शाखेबद्दल. मी म्हटलं, रविवारनंतर बोलू.

९ फेब्रुवारी, रविवार

किळसवाणा दिवस. दवाखान्यात आधीच तो लवंगेचा आणि जंतुनाशकाचा वास. कपाटात प्लास्टरच्या कवळ्या ओळीने हसत बसलेल्या. त्यात भर म्हणजे खेळातला ‘ताण’ मोजायला दंतवैद्य दात वापरतो! सैनिक घाबरला की त्याच्यापुढे एक दात ठेवायचा. प्लास्टरचे आहेत म्हणाला. माझा विश्वास नाही. एकाला कीड होती.

अँड्रॉइडला दात मिळत नाहीत, कारण तो घाबरत नाही. त्याने दुसऱ्याजवळ बसून त्याचं ऐकून घ्यायचं, म्हणजे त्या माणसाचा एक दात कमी होतो.

आम्ही एका ओसाड खाणीवर उतरलो. भिंतीआड काहीतरी खरवडत होतं. यान उडवणारा पायलट म्हणजे ट्रान्सपोर्ट कंपनीतला एक हिशेबनीस. मी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं आहे. तो वेफर्स खातो आणि त्याच तेलकट बोटांनी फासे टाकतो. मी माझे फासे रुमालाने पुसले. तो सॉरी म्हणाला. मी पुन्हा पुसले.

सार्जंट म्हणजे फिजिओथेरपिस्ट बाई. त्यांच्यापुढे दातांचा ढीग झाला होता. माझी पाळी आली. त्यांच्याजवळ बसलो आणि सांगितलं, सार्जंट, यात घाबरण्यासारखं काय आहे, मी तुमच्या जागी असतो तर डावीकडून शिरलो असतो. मग डावीकडून शिरण्याचे फायदे सविस्तर सांगितले. दंतवैद्याने बाईंना आणखी दोन दात दिले. असा नियमच नाही! तो म्हणाला, नियम नाही, पण त्यांचा चेहरा बघा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ठरवलं, ऐकण्याची प्रॅक्टिस करायची. त्यात काय आहे? कान सगळ्यांनाच असतात.

सकाळी दुकानात एक गिऱ्हाईक चष्मा नाकावर टोचतो म्हणून भांडायला आलं. मी अँड्रॉइडच्या आवाजात विचारलं, आपल्याला कसं वाटतंय? त्यावर त्याने मेव्हण्याची सगळी कुंडली मांडली. स्टुलावर बसला, चहा मागितला, शेवटी नाक माझ्याच लेन्स पुसायच्या फडक्याला शिंकरलं. ओकारी आली. फ्रेम तशीच टोचत घेऊन गेला.

संध्याकाळी बायकोवर प्रयोग. ती आली तशी म्हटलं, बस, बोल, काय झालं आज? ती एकदम थांबली. मग पर्स मांडीवर घेऊन बसली आणि बोलायला लागली. दुसऱ्या गावी नवीन शाखा, तिची प्रमुख म्हणून हिलाच पाठवायचं म्हणतायत, महिनाअखेर सांगायचंय, जावं की नाही कळत नाही, असं बरंच. मी मान हलवत होतो. पुस्तकात लिहिलंय, ठराविक वेळाने मान हलवावी. मनात आकडे मोजत हलवत होतो. मध्येच तिने विचारलं, काय करताय तुम्ही? मी म्हटलं, प्रॅक्टिस. ती उठून आत गेली.

माझ्या मते चांगलं जमलं. मोजताना एकदाही चुकलो नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज संधी चालून आली. खाणीतल्या त्या प्राण्याने कॅप्टनच्या पायावर कसलंसं आम्ल ओकलं. मी पट्टी बांधली. नियमात आहे की सहाय्यकाने जखमीच्या प्रकृतीची काळजी घ्यावी. मी काळजी घेतली. कॅप्टनला विश्रांतीसाठी नौकेवरच्या दवाखान्यात नेलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

साडू खुर्चीतून उठला. म्हणाला, ए, उघड. मी शांत आवाजात म्हटलं, आपण ठीक आहात ना?

मग सूत्रं हातात घेतली. सगळ्यांना डावीकडून शिरायला सांगितलं. सार्जंट बाई म्हणाल्या, अंधार आहे. मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे. पायलटला पुढे पाठवलं. डावीकडे त्या प्राण्याचं घरटं होतं. पायलट मेला.

गोगलगायीने त्याचा कागद बराच वेळ हातात धरला. म्हणाला, दोन वर्षं होता माझ्याबरोबर. मग रुमाल काढला. खोट्या माणसासाठी खरा रुमाल! मी म्हटलं, मृत्यूबद्दल खेद आहे, पण मोहीम महत्त्वाची. साडूचं तोंड उकडलेल्या बिटासारखं. दंतवैद्य म्हणाला, आज इथेच थांबू.

रिकाम्या डोक्यांना नेतृत्व पचत नाही. गाढवाला गुळाची चव काय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

निर्णय : येत्या रविवारी जाणार नाही. मी नसलो की काय होतं ते कळू दे. सामान कोण उचलेल? पट्ट्या कोण बांधेल? पाय धरत येतील.

अँड्रॉइडचा कागद माझ्याकडेच आहे. तो परत पाठवायचा, म्हणजे माझी जागा रिकामी ठसठशीत दिसेल. बायको म्हणाली, रविवारी ताईकडे जायचंच आहे, जाता जाता मी देते.

आजोबा चष्मा परत घेऊन आले. म्हणाले, पायऱ्या हलतात. मी म्हटलं, सवय होईल.

२३ फेब्रुवारी, रविवार

निवांत दुपार. पडून राहिलो. फोन जवळ ठेवला होता, नुसता वेळ बघायला. एकाचाही आला नाही. रेंज गेली असावी म्हणून स्वतःच दुकानाच्या नंबरवर लावून पाहिला. रेंज होती.

बायको अंधार पडता पडता परतली. विचारलं, कागद द्यायला इतका वेळ? म्हणाली, एक माणूस कमी होता, त्यांनी बसवून घेतलं. मी विचारलं, कोण झालीस? म्हणाली, तुमचंच ते, सहाय्यक.

हसू आलं. हिला फासेसुद्धा धरता येत नसतील. विचारलं, मग, किती मेले? म्हणाली, कोणी नाही.

डोळे सुजल्यासारखे दिसले, पण चेहरा टवटवीत. त्या दवाखान्यातल्या वासाने होतं असं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साडू दुकानात आला. चष्म्याचा स्क्रू ढिला. कुलपाबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट बायकोचं कौतुकच कौतुक. कंटाळा येईपर्यंत.

म्हणे तिने गोगलगायीच्या नव्या पायलटशेजारी बसून एवढंच विचारलं, आधीचा कसा होता हो? आणि मग गप्प बसली. गोगलगाय बोलत सुटला. एकेक करत टेबलावरचे सगळे दात संपले. शेवटी साडूने कॅप्टन म्हणून तिला विचारलं, सगळ्यांचं तू विचारतेस, तुला काय हवंय? तर ती म्हणाली, मला एका दूरच्या तळावर पाठवतायत. तिथे माझ्या हाताखाली माणसं असतील. जावंसं वाटतं. पण मी हे ज्यांना सांगते, ते नुसती मान हलवतात.

हे सांगताना साडूचे डोळे भरून आले होते. एवढा दांडगा माणूस! शिसारी आली. स्क्रू जरा जास्त आवळला गेला आणि काच तडकली.

आणि मुळात हे नियमाबाहेर आहे. अँड्रॉइडला काही हवं असू शकत नाही. पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. दंतवैद्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, अहो, घरी बोला ना.

घरी कशाला? नियम तो मोडतोय.

२ मार्च, रविवार

गेलो. बायकोही आली. दंतवैद्य म्हणाला, सहाय्यक आता त्यांच्याकडेच राहू द्या, सगळ्यांचं तसं मत आहे. मी म्हटलं, हरकत नाही, मला मोठं काहीतरी द्या. त्याने विचार केला आणि मला नौकेचं दार दिलं. दार क्रमांक दोन. दोनच वाक्यं : उघडत आहे. बंद होत आहे.

अपमान वाटला असता, पण मी लांबचा विचार करतो. दार ज्याच्या हातात, नौका त्याच्या हातात. कॅप्टन आला, मी उघडलं नाही. सुरक्षेचा प्रश्न. त्याने पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, बंद होत आहे. सार्जंट बाईंनी हातोडा घेतला, फासे टाकले, आणि दार तुटलं.

उरलेली दुपार तुटलेलं दार म्हणून बसलो. तुटलेल्या दाराला पाळी येत नाही. गोगलगायीने वेफर्स पुढे केले. घेतले नाहीत.

९ मार्च, रविवार

खेळाला जायच्या आधी बायको म्हणाली, मी शाखा घेतलीय. महिनाअखेर निघायचं. दीड वर्षासाठी.

मी म्हटलं, हे मला कोणी सांगितलंच नाही. ती म्हणाली, चारदा सांगितलं. आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं.

दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं! दंतवैद्याने तिकडच्या ओळखीच्या डॉक्टरांचे नंबर दिले. गोगलगायीने सामानासाठी त्यांच्या कंपनीचा टेम्पो ठरवून ठेवलाय. साडू खोली बघून आलाय, पाण्याचा नळ उघडून बघितला म्हणे. माझ्याच घरची बातमी मी तुटलेल्या दारासारखा बसून ऐकली.

परत येताना तिला म्हटलं, मला विचारायचंस तरी. ती चालत राहिली. म्हणाली, विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?

उत्तर तयार होतं. फक्त तेवढ्यात घर आलं.

३० मार्च, रविवार

टेम्पो आला. साडूने मोठी बॅग उचलली. मी छोटी उचलणार होतो, ती गोगलगायीने उचलली. माझ्या हातात इस्त्री आली.

रात्रभर एक वाक्य तयार केलं होतं. बरं होतं. ती टेम्पोत बसली, खिडकीची काच खाली केली, माझ्याकडे बघत थांबली. मी म्हटलं, इस्त्रीची पिन सैल आहे, जपून. ती म्हणाली, हो.

घरात आलो. मोरीत कप, ताटली, पुन्हा कप. स्वतःच्याच घाणीची किळस येते हे नव्याने कळलं. उद्यापासून रोजच्या रोज घासणे.

६ एप्रिल, रविवार

कप तसेच आहेत.

दवाखान्यात गेलो. बायको सहाय्यक म्हणून खेळत राहणार, फोनवरून, व्हिडिओ लावून. पण टेबलावरचा नकाशा तिला दिसायला हवा आणि फोन कशालाही टेकून राहत नव्हता. कवळीला टेकवून पाहिला, घसरला. दंतवैद्याने इकडेतिकडे पाहिलं. दुसरी कुठली भूमिका माझ्याकडे नव्हती. दार त्यांनी मागेच दुरुस्त केलंय, आता ते आपोआप उघडतं.

फोन मी धरला. विचार केला तर हीच खरी सत्ता. मी दाखवीन तेच तिला दिसणार. गोगलगाय म्हणाला, जरा डावीकडे. मी डावीकडे धरला. सार्जंट बाई म्हणाल्या, हलवू नका हो. खांदा भरून आला. बदलायला कोणी उठलं नाही, मीही म्हटलं नाही.

मोहीम फत्ते झाली. घरटं जळालं, सगळे जिवंत नौकेवर परतले. कॅप्टन दमून जमिनीवर बसला. फोनमध्ये ती जरा पुढे झाली. मागे नव्या खोलीची भिंत दिसत होती, तिला निळा रंग. म्हणाली, काय हो, जेवलात का?

मी म्हटलं, नाही अजून.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती कॅप्टनला विचारत होती.

हात खाली आला होता. गोगलगाय हळूच म्हणाला, थोडा वर धरा, त्यांना दिसत नाहीये.

वर धरला.