डाग माझ्या पोरीलाच का

सोमवार, ४ मार्च
पायरीवर पिशवी आपटली आन् गेली. रामराम नाय, पानी नाय. "तुमची वांझ तुमच्यापाशीच ठिवा." शीतलची सासू. बजाजनगरहून रिक्षानं आली, माझ्या नातीला दारात टाकली, त्याच रिक्षानं माघारी. सारी गल्ली खिडकीत.
हिचं नाव मी लिहिनार नाय. नुसतं सा. लिहीन. तेवढीच लायकी.
पाडव्याआधी बैठक बसवनार म्हने. दोन्हीकडची जुनी मानसं बोलवून फारकत. म्हंजी चारचौघांत डाग लावूनच धाडनार. बघतेच.

बुधवार, ६ मार्च
शीतल बोलत नाय. भाकरी थापता थापता थोडं थोडं निघालं. "लेकराचं काय घिऊन बसलीस आजी, तो भिंतीकडं तोंड करून झोपतो." लई दिवसांपासून. सारखा मोरीकडं पळतो. खुलताबादला नवसाला गेले तर घाटात जीप किती डाव थांबवली. सा. म्हनली उष्णता.
आन् ही उष्णतेवर काय देती? खारीक-डिंकाचे लाडू. आटवलेलं दूध, साखर घालून. "अंगात ताकद यावी" म्हनून.
म्हंजी ठावं हाये तिला! पोराचं काय बिघडलं ते ठावं असून माझ्या पोरीला वांझ म्हनली. हे मी सोडनार नाय.
माझा म्हातारा असाच. आधी तहान, मग मोरी, मग भिंत. साखर निघाली तवा उशीर झालता. आमच्या वक्ताला हे बोलायचं नाय, नुसतं सोसायचं.

रविवार, १० मार्च
बजाजनगरला गेले. बहाना शीतलच्या कपड्यांचा. नातजावई कंपनीतून आलेला. पोट पुढं, तोंड वाळलेलं, घटाघटा पानी पीत व्हता. सा.नं त्याच्या पुढ्यात लाडू ठिवला.
मी सरळ इचारलं, "जावईबापू, लघवीला मुंग्या लागत्यात का?"
सा. किंचाळली, "बाईमानसानं असं बोलावं का?"
म्हनलं, वांझ बोलता येतं, मुंग्या बोलता येत नाय व्हय?
मी निघाले तवा तो रिक्षापर्यंत सोडायला आला. "आजी, लागत्यात. आईला बोलू नका."

गुरुवार, १४ मार्च
औरंगपुऱ्यातल्या डाक्टरकडं नेला. रक्त, लघवी, सारं तपासलं. साखर लई. डाक्टर त्याला म्हनला, साखर आन् पोटाच्या चरबीनं नसा आन् रक्ताच्या नळ्या बिघडतात, मोरीच्या आन् भिंतीच्या, दोन्ही तक्रारींचं मूळ साखरच. चाला, वजन उतरवा, गोळ्या घ्या, गोड बंद. बऱ्याच जनांना फरक पडतो. लाजू नका.
त्यानं लाडवाचं सांगितलं. डाक्टरनं कपाळाला हात लावला.
बाहेर आल्यावर म्हनतो, "आईला कसं सांगू?" म्हनलं, मग माझी पोर जलमभर वांझ म्हनवून घील, त्ये चालंल?
त्यानं गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

मंगळवार, १९ मार्च
गोड सोडलं म्हनतो. संध्याकाळी चालतो. सा. लाडू बांधतेच हाये, तो खिशात घालून कुत्र्याला टाकतो. आईला सांगायची छाती नाय.
मी ठरवलं, बैठकीत सारं उघडं करायचं. सा.चं नाक कापायचं. शीतल आडवी आली. "आजी, त्याला चारचौघांत उघडं नको पाडू."
"तुला पाडलं तवा कुठं व्हता तो?"
रडली नाय. नुसती म्हनली, "तेच त्याला इचार."
पोरगी माझ्यावर गेली.

शनिवार, २३ मार्च
उद्या बैठक. मी बोलले तर सा. म्हनंल म्हातारी खोटारडी. तिला पोटच्या पोराच्या तोंडून ऐकवायचं, तवा माझं काळीज थंड होईल. नातजावयाला फोन लावला, उद्या तूच बोलायचं. "बरं" म्हनला. बोलंल का, ठाऊक नाय. आवाजात जीव नव्हता.
घरात सगळ्यांना बजावलं. सा.नं वांझ म्हनलं की कुनी मधी तोंड घालायचं नाय. शीतलच्या बापानं नाय, मामानं नाय, मी बी नाय. शीतलनं तर मुळीच नाय. जाब त्यानंच द्यायचा, उभा ऱ्हाऊन, आईकडं तोंड करून.